क्युरी टेम्परेचर बघून क्रिस्टल घेऊ नका: गरम जागेच्या पिझो सेन्सरची निवड, जोडणी आणि टेस्टिंग

"५०० डिग्रीला चालेल असं एक पिझो क्रिस्टल सांगा ना" हा प्रश्न (पिझो म्हणजे दाब दिला की विद्युत चार्ज देणारं) मला दर महिन्या-दोन महिन्याला कुणीतरी विचारतंच, आणि मी दरवेळी उलट विचारतो की कुठल्या फ्रिक्वेन्सीला चालायला पाहिजे? समोरचा गप्प होतो. कारण बहुतेक जण डेटाशीट उघडतात, क्युरी टेम्परेचर, म्हणजे ज्याच्या पुढे पिझो गुणच जातो ते तापमान, ६५० लिहिलेलं दिसतं, आपली जागा ५०० ची, म्हणजे दीडशे डिग्री मोकळी आहे असं समजून ऑर्डर टाकतात. मीही एकेकाळी असंच केलंय, त्यामुळे आधी तो किस्सा सांगतो, मग एकेक पायरी घेऊ.

साखर कारखान्यातला को-जनरेशन प्लांट होता, गळीत हंगाम जोरात चालू. मेन स्टीम लाईनच्या व्हॉल्व्हजवळ पाईप हलत होता, त्याचं व्हायब्रेशन सलग मोजायचं होतं. पाईपच्या मेटलचं तापमान ५१० च्या आसपास. बिस्मथ टायटानेट जातीच्या सिरॅमिकचा सेन्सर बसवला, क्युरी साडेसहाशेच्या वर असलेला. पहिला तासभर सिग्नल झकास, मग जसजसा सेन्सर तापत गेला तसं चार्ज अॅम्प्लिफायरचं (चार्जचा व्होल्टेज सिग्नल करणाऱ्या सर्किटचं) आउटपुट हळूहळू एका बाजूला सरकायला लागलं आणि शेवटी तिथेच चिकटून बसलं. सेन्सर मेला असं समजून शटडाऊनमध्ये काढला, टेबलावर टेस्ट केला तर एकदम ठणठणीत! परत बसवला, परत तेच. मग गरम असतानाच दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, फक्त ४० किलोओहम. क्रिस्टल चार्ज बनवत होतं, पण तो चार्ज क्रिस्टलच्या अंगातूनच गळून जात होता आणि एवढ्या कमी रेझिस्टन्सवर अॅम्प्लिफायरलाही तग धरता येत नव्हता.

त्यातून एक निदानाची पद्धत मिळाली, ती लक्षात ठेवा. गरम असताना बिघडतो आणि गार झाल्यावर बरा होतो, तर तो लीकेज. गार झाल्यावरही सेन्सिटिव्हिटी कमीच राहिली तर सिरॅमिकचं पोलिंग (बनवताना व्होल्टेज देऊन लावलेली आतली दिशा) गेलंय, नाहीतर क्वार्ट्झमध्ये ट्विनिंग (ते काय ते पुढे सांगतो) झालंय, नाहीतर क्रिस्टल तडकलंय.

पहिली पायरी: तापमान आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही कागदावर लिहा

तापमान लिहिताना नेहमीचं, जास्तीत जास्त आणि किती वेगाने वाढतं हे तिन्ही लिहा. थर्मोकपल सेन्सरच्या बुडाशी लावून मोजलेलं तापमान पाहिजे, प्रोसेसच्या स्क्रीनवरचं वाफेचं तापमान नको, दोन्हीत बराच फरक असतो. आणि फ्रिक्वेन्सीत सगळ्यात खालची किती ते महत्त्वाचं. मशीन ३००० आरपीएमचं असेल तर ५० हर्ट्झ, पाईप डुलत असेल तर ५-१० हर्ट्झ, अल्ट्रासॉनिक असेल तर मेगाहर्ट्झ. या एका आकड्याने निम्मी निवड होऊन जाते, कशी ते पुढच्या पायरीत बघा.

दुसरी पायरी: लीकेजचा हिशोब करा

प्रत्येक पिझो क्रिस्टल म्हणजे एक कपॅसिटर आणि त्याला समांतर जोडलेला एक रेझिस्टन्स. दाब दिला की चार्ज येतो आणि रेझिस्टन्समधून गळतो. गळायला लागणारा वेळ म्हणजे रेझिस्टिव्हिटी (मटेरियल करंटला किती अडवतं) गुणिले परमिटिव्हिटी (ते किती चार्ज साठवू शकतं). गंमत अशी की यात क्रिस्टलचा आकार येतच नाही, जाड करा, पातळ करा, चार चकत्या जोडा, तो वेळ तेवढाच राहतो. म्हणजे हा गुण मटेरियलचा आहे, डिझाईन बदलून तो सुधारत नाही.

एक उदाहरण करून बघू. १० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची चकती. समजा सापेक्ष परमिटिव्हिटी २० आणि त्या तापमानाला रेझिस्टिव्हिटी दहाचा आठवा घात ओहम-सेंटीमीटर. रेझिस्टन्स येतो साधारण १२.७ मेगाओहम, कपॅसिटन्स साधारण १४ पिकोफॅरड. दोन्हींचा गुणाकार ०.०००१८ सेकंद, आणि त्यावरून खालची मर्यादा येते जवळजवळ ९०० हर्ट्झ. म्हणजे व्होल्टेज मोडमध्ये, क्रिस्टलवरचा व्होल्टेज थेट मोजला तर, या चकतीला ५० हर्ट्झचं मशीन नीट दिसणारच नाही. रेझिस्टिव्हिटी शंभर पट जास्त असती तर हीच मर्यादा ९ हर्ट्झवर आली असती आणि काम झालं असतं.

रेझिस्टिव्हिटी तापमानासोबत सरळ रेषेत नाही, घातांकात पडते. अॅक्टिव्हेशन एनर्जी (ही घसरण किती तीव्र ते ठरवणारा मटेरियलचा आकडा) १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली तर ५०० डिग्रीच्या आसपास दर ११५-१२० डिग्रीला रेझिस्टन्स दहा पट खाली येतो. म्हणून "अजून पन्नासच डिग्री वाढेल" हे वाक्य मला आवडत नाही, त्या पन्नासात रेझिस्टन्स साधारण ४० टक्क्यांवर येतो. सप्लायरकडे क्युरी टेम्परेचर मागू नका, रेझिस्टिव्हिटी विरुद्ध तापमानाचा ग्राफ मागा. जो ग्राफ देत नाही त्याच्याकडून मी तरी घेत नाही.

तिसरी पायरी: मटेरियल निवडा

खालून वर जाऊ. पीझेडटी (लेड झिरकोनेट टायटानेट सिरॅमिक) सगळ्यांच्या ओळखीचं, चार्ज भरपूर, काही ग्रेडमध्ये ३०० ते ६०० पिकोकूलॉम्ब प्रति न्यूटन. पण क्युरी जास्तीत जास्त ३६० च्या आसपास, आणि सुरक्षित वापर साधारण त्याच्या निम्म्यापर्यंत धरायचा कारण क्युरीच्या खूप आधीच पोलिंग सैल व्हायला लागतं. २०० डिग्रीच्या आतलं काम असेल तर मात्र उगाच महागड्या क्रिस्टलच्या मागे लागू नका.

क्वार्ट्झ म्हणजे या विषयातला म्हातारा माणूस, १८८० साली पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी पिझो परिणाम दाखवला तेव्हापासून आहे. चार्ज अगदी कमी, २.३ पिकोकूलॉम्ब प्रति न्यूटन, पण स्थिरता आणि इन्सुलेशन उत्तम. ५७३ डिग्रीला त्याची रचनाच बदलते हे पुस्तकात असतं. पण त्याच्या बरंच आधी, तीनशे-साडेतीनशेच्या पुढे, दाबाखाली असताना त्यात ट्विनिंग होतं, म्हणजे क्रिस्टलच्या काही भागात विद्युत अक्षाची दिशा उलटी होते आणि तो भाग उलटा चार्ज द्यायला लागतो. एकूण सेन्सिटिव्हिटी पडते आणि गार केल्यावर परत येत नाही. म्हणून दाबाखालच्या क्वार्ट्झला मी ३५० च्या पुढे नेत नाही.

बिस्मथ टायटानेट आणि सोडियम बिस्मथ टायटानेट ही सिरॅमिक. क्युरी साडेसहाशेच्या आसपास, चार्ज १६ ते २० पिकोकूलॉम्ब. बाजारात ४८२ डिग्री रेटिंगचे अॅक्सिलरोमीटर (व्हायब्रेशन मोजणारे सेन्सर) दिसतात ते बहुतेक याच घराण्यातले, आणि ४८२ हा विचित्र आकडा येतो कारण तो म्हणजे ९०० फॅरनहाईट. तसंच ६४९ दिसलं तर ते १२०० फॅरनहाईट.

लिथियम नायोबेटचं क्युरी ११०० च्याही वर आणि चार्जही चांगला. लोक इथेच फसतात. सहाशेच्या पुढे त्याचा रेझिस्टन्स बराच खाली येतो, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या बंद हाऊसिंगमध्ये ते स्वतःचा ऑक्सिजन सोडून काळं पडतं. एक उघडून पाहिलं होतं, स्वच्छ पारदर्शक चकती धुरकट काळपट झालेली, कडेला जास्त आणि मध्ये थोडी कमी. पण हेच क्रिस्टल अल्ट्रासॉनिकला छान चालतं, कारण मेगाहर्ट्झला चार्ज गळायला वेळच मिळत नाही. पहिल्या पायरीत फ्रिक्वेन्सी का विचारली ते इथे कळतं, एकच क्रिस्टल एका कामाला बाद आणि दुसऱ्या कामाला पहिला नंबर.

अल्ट्रासॉनिकचा विषय निघालाच आहे तर एक सुंदर उदाहरण आपल्याच देशातलं आहे. कल्पाक्कमच्या फास्ट ब्रीडर रिअॅक्टरमध्ये कूलंट म्हणजे द्रव सोडियम. त्यातून प्रकाश जात नाही, कॅमेरा आत घातला तरी उपयोग नाही, म्हणून इंधन हलवायच्या आधी आत काही आडवं आलंय का ते अल्ट्रासाऊंडने बघावं लागतं. त्या वेळी सोडियम साधारण २०० डिग्रीला ठेवतात, आणि तेवढ्या तापमानाला चांगल्या ग्रेडचं पीझेडटी सुद्धा चालतं. दरवेळी सगळ्यात जास्त डिग्रीवालं मटेरियल लागतं असं नाही, जागा ओळखली की झालं.

आता खरी उच्च तापमानाची मंडळी. गॅलियम फॉस्फेटची रचना क्वार्ट्झसारखीच, पण चार्ज जवळजवळ दुप्पट, ४.५ पिकोकूलॉम्ब, आणि रचना बदलते थेट ९७० च्या आसपास. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये एव्हीएल या कंपनीने इंजिनच्या सिलिंडरमधला दाब मोजायच्या सेन्सरसाठी ते वापरात आणलं. पुण्यात इंजिन टेस्टिंग करणाऱ्या लोकांना हे सेन्सर माहीत असतील. अडचण एकच, हायड्रोथर्मल पद्धतीने (दाबाखालच्या गरम द्रावणात) फार हळू वाढतं म्हणून महाग.

लँगासाईट हे लँथेनम, गॅलियम आणि सिलिकॉनचं ऑक्साईड. वितळतं १४७० ला आणि तोपर्यंत रचना बदलतच नाही, चार्ज ६.२ पिकोकूलॉम्ब. वितळलेल्या द्रवातून वर ओढून, म्हणजे चोक्राल्स्की पद्धतीने, मोठं वाढवता येतं. पण याचाही रेझिस्टन्स सहाशे-सातशेच्या पुढे त्रास देतो. म्हणून त्याच कुटुंबातलं कॅल्शियम-टँटलम-गॅलियम-सिलिकेट, ज्याला सगळे सीटीजीएस म्हणतात, ते आलं. यात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते, लँगासाईटमध्ये एकाच जागी गॅलियम आणि सिलिकॉन मिसळून बसतात तसं होत नाही, आणि या शिस्तीमुळे रेझिस्टन्स बराच वाढतो. चार्ज थोडा कमी मिळतो, पण मला विचाराल तर ६०० च्या पुढच्या कमी फ्रिक्वेन्सीच्या कामाला चार्ज सोडा आणि रेझिस्टन्स घ्या, कमी सिग्नल वाढवता येतो पण गळालेला चार्ज परत आणता येत नाही.

८०० च्या पुढे जायचं असेल तर यिट्रियम कॅल्शियम ऑक्सिबोरेट, म्हणजे वायकॉब. वितळतं साधारण १५०० ला, रेझिस्टन्स या सगळ्यांत वरच्या पंगतीतला. शिअर कटमध्ये (आडव्या, घसरवणाऱ्या जोराला चार्ज देईल असा कापलेला) चार्ज साधारण ८ ते १० पिकोकूलॉम्ब. आणि अॅल्युमिनियम नायट्राईड आहे, जास्त करून पातळ थरात वापरतात, पण हवेत खूप गरम झालं की ऑक्सिडेशन सांभाळावं लागतं.

चौथी पायरी: कट आणि पायरोचा त्रास

नुसतं मटेरियलचं नाव सांगून क्रिस्टल मागवू नका, कट, म्हणजे क्रिस्टल कुठल्या अक्षाच्या हिशोबाने कापायचं, तेही लिहा. क्वार्ट्झ आणि लँगासाईटला सरळ दाबासाठी एक्स-कट. ऑर्डरवर अक्षाची दिशा कोणत्या बाजूला आहे ते मार्क करून मागा, कारण चकत्यांची थप्पी लावताना एक सुलटी एक उलटी लागते आणि एक जरी चुकली तर दोन चकत्यांचा चार्ज एकमेकांना खाऊन टाकतो.

पायरो म्हणजे तापमान बदललं की दाब नसतानाही चार्ज येणं. क्वार्ट्झ, गॅलियम फॉस्फेट, लँगासाईट यांच्या रचनेत हा मूळ पायरो परिणाम नसतोच, ही मोठी जमेची बाजू. टूर्मलिन, लिथियम नायोबेट आणि पोल केलेल्या सिरॅमिकमध्ये असतो. तिथे शिअर कट वापरला तर पायरोचा चार्ज ज्या बाजूला येतो त्या बाजूला इलेक्ट्रोडच नसतो, त्रास बराच कमी होतो. आणि असा सेन्सर तापवल्यावर अॅम्प्लिफायरला जोडायच्या आधी दोन्ही पिना शॉर्ट करा, आत साठलेला व्होल्टेज अॅम्प्लिफायर उडवू शकतो.

पाचवी पायरी: किती सिग्नल येईल

हे सोपं आहे. समजा सेन्सरमध्ये क्रिस्टलवर २० ग्रॅमचं वजन बसवलंय, १ जी ला (गुरुत्वाकर्षणाएवढ्या त्वरणाला) त्याचा जोर ०.१९६ न्यूटन, लँगासाईटची एक चकती देईल १.२ पिकोकूलॉम्ब. चार चकत्या एकावर एक ठेवून विजेच्या दृष्टीने समांतर जोडल्या तर ४.९. क्वार्ट्झच्या चार चकत्या दिल्या असत्या १.८. वजन वाढवलं की सिग्नल वाढतो पण रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला सेन्सर स्वतःच वाजतो ती) खाली येतो, त्यामुळे लोभ आवरा.

सहावी पायरी: इलेक्ट्रोड आणि जोडणी

पहिल्याच प्रयत्नात यश न येण्याचं सगळ्यात मोठं कारण हीच पायरी, म्हणून सावकाश वाचा.

चांदीची पेस्ट स्वस्त आणि सोपी, पण गरम असताना व्होल्टेजखाली चांदी पृष्ठभागावरून सरकते आणि कडेवरून शॉर्टचा रस्ता तयार करते. ५०० च्या वर प्लॅटिनम वापरा. पण फार पातळ थर देऊ नका, कारण सातशे-आठशेच्या पुढे पातळ प्लॅटिनम गोळा होऊन थेंबथेंब बनतं, जसं तव्यावर तेल तुटतं तसं, आणि मधे मोकळी जागा पडते. थर जाड ठेवा किंवा थप्पीत प्लॅटिनमचं पातळ पत्र्यासारखं फॉईल चकत्यांच्या मधे दाबून बसवा, मला फॉईलच जास्त भरवशाचं वाटतं.

चकत्यांच्या कडांना हात लावू नका. बोटाच्या घामातलं मीठ खोलीत काही करत नाही, पण ५०० डिग्रीला त्याच डागावरून करंट वाहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग भट्टीत भाजून घ्या, नंतर चिमट्यानेच उचला.

प्रीलोडचा, म्हणजे आधीच देऊन ठेवलेल्या दाबाचा, हिशोब वेगळा करा. थप्पीला मधून बोल्टने आवळतात. बोल्ट इन्कोनेलचा (उच्च तापमानाला टिकणारा निकेलचा मिश्रधातू) असेल तर तो क्रिस्टलपेक्षा जास्त प्रसरण पावतो. ८ मिलिमीटरची थप्पी, प्रसरणात दर डिग्रीला दशलक्षात ८ चा फरक, ५०० डिग्रीची वाढ, म्हणजे ३२ मायक्रॉन सैल! एवढ्यात आवळलेला बोल्ट पूर्ण ढिला होऊ शकतो आणि सेन्सर खडखडायला लागतो. उपाय दोन, बोल्ट लांब ठेवा म्हणजे तो जास्त ताणलेला राहील, आणि थप्पीत जास्त प्रसरण पावणाऱ्या धातूचा वॉशर घाला म्हणजे तो ती जागा भरेल.

बंद हाऊसिंगमध्ये अजून एक चोर असतो. आतला धातू गरम झाला की आतला ऑक्सिजन खातो, आणि मग क्रिस्टलमधून ऑक्सिजन बाहेर पडायला लागतो, रेझिस्टन्स आठवड्या-आठवड्याला घसरतो. म्हणून हाऊसिंगचे आतले भाग आधीच हवेत तापवून ऑक्साईडचा थर चढवून घ्या, मग वेल्ड करा.

केबल मिनरल इन्सुलेटेड (धातूच्या नळीत खनिज पावडर भरलेली) घ्या. यातलं मॅग्नेशियम ऑक्साईड ओलावा ओढून घेतं, त्यामुळे कापलेलं टोक रात्रभर उघडं ठेवलं की सकाळी इन्सुलेशन गेलेलं असतं, कापलं की लगेच सील करा. आणि केबल हलू नये म्हणून थोड्या थोड्या अंतरावर क्लॅम्प मारा, लोंबकळणारी केबल स्वतःच सिग्नल तयार करते आणि तुम्ही तासन् तास तो मशीनचा समजून बघत बसता.

सातवी पायरी: अॅम्प्लिफायर

चार्ज अॅम्प्लिफायर वापरला की क्रिस्टलवरचा व्होल्टेज जवळजवळ शून्य राहतो, त्यामुळे दुसऱ्या पायरीतली ९०० हर्ट्झची मर्यादा तेवढी जाचत नाही. पण लीकेज दुसऱ्या दाराने येतं. अॅम्प्लिफायरचा स्वतःचा ऑफसेट (सिग्नल नसतानाही इनपुटला असणारा छोटा व्होल्टेज) हा, फीडबॅक रेझिस्टन्स (आउटपुटपासून इनपुटला परत जोडलेला) भागिले सेन्सर रेझिस्टन्स, एवढ्या पटीने वाढतो. फीडबॅक १ गिगाओहम, सेन्सर १०० किलोओहम, म्हणजे दहा हजार पट. १ मिलिव्होल्टचा ऑफसेट झाला १० व्होल्ट, आउटपुट भिंतीला चिकटलं. कारखान्यात माझं झालं ते हेच.

फीडबॅक रेझिस्टन्स १० मेगाओहम केला तर तोच ऑफसेट ०.१ व्होल्टवर येतो. बदल्यात खालची फ्रिक्वेन्सी वर सरकते, १००० पिकोफॅरडच्या कपॅसिटरला १६ हर्ट्झ. ५० हर्ट्झच्या मशीनला चालेल, डुलणाऱ्या पाईपला नाही. म्हणून खरेदी करताना "कमीत कमी सोर्स रेझिस्टन्स किती चालतो" हा आकडा बघाच. आणि सेन्सर दोन पिनांचा, बॉडीपासून वेगळा, डिफरन्शियल (दोन पिनांमधला फरक मोजायचा) घ्या, मोठ्या प्लांटमध्ये अर्थिंगचा गोंगाट त्याशिवाय जात नाही.

माझ्या स्टीम लाईनला फीडबॅक कमी करणं शक्य नव्हतं, ५-६ हर्ट्झ बघायचे होते. शेवटी जाड स्टीलचा आखूड ब्रॅकेट केला, त्याच्याभोवतीचं इन्सुलेशन थोडं कापून मोकळं ठेवलं, सेन्सरचं बूड ४३० च्या आसपास आलं आणि रेझिस्टन्स ४० वरून २०० किलोओहमच्या वर गेला. तेवढं पुरलं. ब्रॅकेट आखूड आणि जाड ठेवा, नाहीतर तो स्वतःच वाजायला लागेल.

आठवी पायरी: भट्टीत टेस्ट

सेन्सर लहान भट्टीत ठेवा, के-टाईप थर्मोकपल अगदी बुडाला टेकवा. मिनिटाला २-३ डिग्री, याहून जोरात नको, क्रिस्टल तडकतं. दर ५० डिग्रीला थांबा, तापमान स्थिर होऊ द्या, मग रेझिस्टन्स मोजा. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावू नका, १०-२० व्होल्टवर मोजणारं मीटर वापरा. रीडिंग घेताना भट्टीचा हीटर बंद करा. आम्ही सुरुवातीला हे करत नव्हतो, कंट्रोलरच्या रिलेचा टक आवाज आला की मीटरचा आकडा उडी मारायचा, आणि अर्धा दिवस आम्ही क्रिस्टललाच दोष देत होतो.

रेझिस्टन्सचा लॉगरिदम एका बाजूला आणि केल्विन तापमानाचा व्यस्त दुसऱ्या बाजूला असा ग्राफ काढा. सरळ रेषा आली तर सगळं ठीक. मधेच रेषा मोडली आणि रेझिस्टन्स अपेक्षेपेक्षा कमी आला तर बहुतेक वेळा घाण, इलेक्ट्रोड किंवा केबल, कारण अॅल्युमिनाच्या इन्सुलेटरचाही रेझिस्टन्स गरम झाल्यावर पडतो. खात्रीसाठी क्रिस्टल न घालता नुसतं हाऊसिंग आणि केबल एकदा तापवून मोजून ठेवा.

मग लागणाऱ्या तापमानाच्या ३०-४० डिग्री वर निदान १०० तास ठेवा आणि दररोज एक रीडिंग घ्या. शेवटी पूर्ण गार करून सेन्सिटिव्हिटी परत मोजा आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघा.

बसवल्यानंतर

पहिल्या दिवशी गरम स्थितीतला रेझिस्टन्स आणि बुडाचं तापमान दोन्ही वहीत लिहून ठेवा, आणि त्यानंतर दर महिन्याला त्याच तापमानाला परत एकदा. आकडा हळूहळू घसरत असेल तर ऑक्सिजन जातोय, एकदम घसरला तर केबलच्या टोकाला ओलावा शिरलाय, आधी तिथे बघा आणि मगच सेन्सरला हात लावा.